वाचनालयाची खिडकी नेमकी कुठे असावी?

पुस्तक आणि वाचक यांचं एका खोलीत पटत नाही. पुस्तकाला काळोख मानवतो. हवा कोरडी लागते, आणि तीही बारा महिने सारखीच. वाचकाला उजेड हवा, वारा हवा, मान वर केली की बाहेरचं झाड दिसलं तर उत्तमच. वाचनालय बांधायचं म्हणजे या दोघांना एका छपराखाली नांदवायचं. गोव्यात तर छपराचाच भरवसा नसतो, कारण पावसाळ्यात वरून साधारण तीन हजार मिलिमीटर पाणी कोसळतं आणि किनारपट्टीला खारा वारा कायमचाच.

विसाव्या शतकात आधुनिकतावादी वास्तुकला आली आणि तिने हा जुना प्रश्न नव्याने सोडवायला घेतला. ‘मॉडर्न बिल्डिंग’ म्हटलं की आपल्याला सपाट गच्चीचा, काचांचा ठोकळा आठवतो. ठोकळा हा त्या विचाराचा फार तर पोशाख. मूळ म्हणणं एवढंच होतं, की इमारत कशासाठी बांधतो आहोत ते आधी नीट बघा, दिसण्याचं नंतर पाहू. ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण पणजीच्या सेंट्रल लायब्ररीचा इतिहास पाहिला, तर वाचनालयासाठी म्हणून इमारत बांधायची ही गोष्ट आपल्याकडे किती उशिरा घडली ते कळतं.

१५ सप्टेंबर १८३२ रोजी, व्हाइसरॉय दों मान्युएल द पोर्तुगाल ए काश्त्रु याच्या कारकिर्दीत, ‘पब्लिका लिव्रारिया’ या नावाने ही लायब्ररी सुरू झाली ती मिलिटरी अकादमीच्या आश्रयाने. भारतातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत तिची गणना होते. १८३६ मध्ये बिऱ्हाड हललं ते पालिकेच्या इमारतीत. त्याच सुमारास पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले आणि त्यांच्या मठांमधली पुस्तकं या ग्रंथालयाकडे आली. म्हणजे पुस्तकं वाढली, जागा उसनीच राहिली. १८९७ मध्ये ते ‘नॅशनल लायब्ररी’ झालं, निदान नावाने. १९२५ मध्ये ते वास्को द गामा इन्स्टिट्यूटला जोडलं गेलं. गोवा मुक्तीनंतर या इन्स्टिट्यूटला पत्रकार मिनेझिस ब्रागांझांचं नाव मिळालं. आझाद मैदानाजवळची ती लांबलचक इमारत मुळात लष्करी बराकींची. शेवटी पणजीच्याच पाटो भागात, संस्कृती भवनात, ग्रंथालय म्हणूनच बांधलेल्या सहा मजली इमारतीत ही लायब्ररी आली ती डिसेंबर २०११ मध्ये, आणि तिला सोळाव्या शतकातल्या केळशीच्या लेखक कृष्णदास शामांचं नाव मिळालं. स्वतःचं घर मिळायला १७९ वर्षं लागली. या काळात नावं बदलली, सरकारं बदलली, एक साम्राज्य गेलं.

उसन्या जागेत बिघडलं काय? चिऱ्याच्या जाड भिंतींमागे गारवा असतो, हे खरं. पण जुन्या पद्धतीच्या बांधकामात छपराचा आणि वरच्या मजल्याचा सगळा भार भिंतीच पेलतात. भिंतीला मोठं भोक पाडलं की ती कमजोर होते, म्हणून खिडक्या अरुंद आणि एकमेकींपासून लांब. दोन भिंतींमधलं अंतरही लाकडी तुळयांच्या लांबीपलीकडे जात नाही. परिणामी खोल्याच खोल्या होतात. खिडकीजवळच्या दोन टेबलांवर उजेड, मधल्या कपाटांवर मिणमिण. त्यात चिरा सच्छिद्र. पाया नीट नसेल तर जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि भिंतीला टेकवलेल्या कपाटाच्या पाठीतून थेट पुस्तकात जाते. बराकीत हे चालून जातं. शिपाई ओल लागली म्हणून पिवळा पडत नाही.

काँक्रीट आणि पोलाद आल्यावर हे बंधन सुटलं. इमारतीचा भार भिंतींऐवजी खांब, तुळया आणि स्लॅब यांनी घेतला. लग्नाच्या मांडवात छप्पर खांबांवर असतं, बाजूचे पडदे गुंडाळून वर बांधले तरी मांडव पडत नाही, तसंच हे. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने १९१४ मध्ये या सांगाड्याचं चित्र काढलं होतं: तीन स्लॅब, सहा खांब, एक जिना, आणि भिंत एकही नाही. भिंत हवी तिथे घाला, नको तिथे काच लावा, नाहीतर मोकळं सोडा. आज गोव्यातला साधा फ्लॅटही असाच बांधतात, त्यामुळे यात काय विशेष असं वाटेल. वाचनालयाच्या दृष्टीने मात्र हा बदल मोठा होता, आणि त्याचं कारण पुस्तकांचं वजन.

घर बदलताना पुस्तकांचं खोकं ज्याने उचललं आहे त्याला वेगळं सांगायला नको. भारतीय मानकानुसार राहत्या घराचा मजला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून आखतात. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या दालनासाठी हाच आकडा ६०० किलोंच्या आसपास जातो, आणि तोही २.२ मीटर उंचीपर्यंत. उंची त्याहून जास्त असेल तर प्रत्येक मीटरमागे आणखी २०० किलो धरायचे. म्हणजे घराच्या किमान तिप्पट. कुठल्याही जुन्या वाड्याच्या माडीवर किंवा सोसायटीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये वाचनालय काढायचं ठरवणाऱ्या उत्साही मंडळींनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. एका इंजिनिअरला विचारणं स्लॅब वाकण्यापेक्षा स्वस्त पडतं.

पूर्वी या वजनावर सोपा तोडगा होता. पुस्तकांची कोठी वेगळी, वाचकांची खोली वेगळी. वाचकाने चिठ्ठी लिहून द्यायची, कारकुनाने आत जाऊन पुस्तक आणायचं. कोठीला भक्कम मजला आणि लहान खिडक्या, वाचन-दालनाला उंच छत आणि मोठ्या खिडक्या. पुस्तक आणि वाचक वेगवेगळे राहत, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. तो उभा केला तो ‘पुस्तकं वापरासाठी असतात’ हा पहिला नियम सांगणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांच्यासारख्या लोकांनी. मद्रास विद्यापीठाच्या या ग्रंथपालाने १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि कपाटं वाचकांसाठी उघडी ठेवण्याचा आग्रह धरला. वाचकाने स्वतः रांगांमधून फिरावं, शोधायला गेलेल्या पुस्तकाशेजारचं दुसरंच पुस्तक त्याला सापडावं, हे त्यात अपेक्षित होतं.

हा विचार माणसांच्या बाजूचा होता, पण इमारतीला महागात पडला. कपाटं आणि वाचक एकाच दालनात आले म्हणजे मजला सगळीकडे सारखाच भक्कम हवा, कारण आज जिथे टेबलं आहेत तिथे उद्या कपाटं येतील. खांबही असे उभे करावे लागतात की दोन खांबांमध्ये कपाटांच्या रांगा आणि माणूस जाण्याइतकी वाट नेमकी बसावी. नव्या ग्रंथालयांमध्ये खांबांची ती एकसुरी जाळी दिसते, ती कल्पकता संपली म्हणून नव्हे. कपाटाची रुंदी, वाटेची रुंदी आणि पुस्तकांचं वजन यांचा हिशेब आहे तो. आणि मग उरला मुख्य प्रश्न: कपाट आणि टेबल एकाच दालनात असतील, तर उजेड आणायचा कुठून?

याचं जुनं गोमंतकीय उत्तर अनेकांनी पाहिलेलं असेल. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या असायच्या. हाताच्या पंज्यापेक्षा लहान, चौकोनी कापलेल्या, दुधी. बाहेर मे महिन्याचं ऊन रखरखत असलं तरी आत येतो तो पाझरलेला, मऊ उजेड; सावलीला कड नसते. वाचायला यापेक्षा चांगला उजेड नाही. अडचण एवढीच, की तो खिडकीपासून चार पावलांवर संपतो. मोठ्या दालनाच्या मध्यापर्यंत असा कडा नसलेला उजेड न्यायचा असेल तर तो वरूनच आणावा लागतो.

ते कसं करायचं हे ज्या इमारतीने दाखवलं, ती आपल्यापासून फार दूर, तेव्हा फिनलंडमध्ये असलेल्या विपुरी (आज रशियातलं व्हीबोर्ग) शहरात आहे. आल्व्हार आल्टो या तरुण वास्तुकाराने १९२७ मध्ये स्पर्धा जिंकली. त्याचा पहिला आराखडा जुन्या वळणाचा होता. जागेचा वाद आणि मंदी यांत वर्षं गेली, तेवढ्यात त्याचे स्वतःचेच विचार बदलले, आणि १९३५ मध्ये उघडली ती पांढरी, साधी, नक्षी नसलेली इमारत. कधीकधी सरकारी दिरंगाईचाही फायदा होतो, तो असा! योगायोग पाहा: त्याच १९३५ साली पणजीत आपल्या ग्रंथालयाच्या यजमान संस्थेच्या जिन्याच्या दालनात पोर्तुगीज चित्रकार जॉर्ज कोलासूच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स बसल्या, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवलेल्या. त्या टाइल्स सुंदरच आहेत, आजही पाहाव्यात. पण एका इमारतीने भिंतीवरून साम्राज्याचा पराक्रम सांगितला, आणि दुसरीने भिंती कोऱ्या ठेवून सगळं लक्ष वाचकाच्या पानावर पडणाऱ्या उजेडाकडे दिलं. ‘आधुनिक’ म्हणजे काय, ते या दोन इमारती शेजारीशेजारी ठेवल्या की समजतं.

विपुरीच्या वाचन-दालनाच्या छतात ५७ गोल झरोके आहेत, प्रत्येकी जवळपास १.८ मीटर व्यासाचे. खरी युक्ती त्यांच्या खोलीत आहे. झरोका म्हणजे नुसतं छतातलं भोक ठेवलेलं नाही. तो काँक्रीटचा खोल शंकू आहे. सूर्यकिरण तिरपा आला की शंकूच्या आतल्या पांढऱ्या कडेवर आपटतो, विखुरतो आणि मग खाली उतरतो. उजेड एवढ्या दिशांनी येतो की पानावर हाताची किंवा डोक्याची ठसठशीत सावली पडत नाही, आणि पुस्तकांवर थेट ऊनही नाही. भिंतींना खिडक्याच नसल्यामुळे त्या पूर्ण उंचीपर्यंत कपाटांना मोकळ्या. वाचक आणि पुस्तक दोघांचं समाधान एकाच छतातून झालं.

मग पणजीत तसंच छत का करू नये? इथे थोडं आकाश पाहावं लागेल. आल्टोने शंकूची खोली ठरवली ती सूर्य क्षितिजापासून ५२ अंशांच्या वर जात नाही हे धरून. विपुरी जवळजवळ ६१ अक्षांशावर आहे, तिथे जूनमधल्या ऐन दुपारीही सूर्य त्याच्या फारसा वर चढत नाही. पणजी साडेपंधरा अक्षांशावर. आपल्याकडे डिसेंबरात, वर्षातला सगळ्यात खाली असलेला दुपारचा सूर्य ५१ अंशांवर असतो. म्हणजे त्यांचा सर्वांत उंच सूर्य आणि आपला सर्वांत खालचा सूर्य जवळजवळ एकाच उंचीवर. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याआधी तर तो आपल्या अगदी डोक्यावर येतो. विपुरीचा झरोका जसाच्या तसा पणजीत बसवला, तर मे महिन्यात भर दुपारी प्रत्येक झरोक्याखाली उन्हाची गोल थाळी पडेल, आणि त्या थाळीखालचं पुस्तक पिवळं पडेल.

म्हणून आपल्याकडे उत्तर वेगळं हवं. उत्तरेला तोंड केलेले, वरच्या भिंतीतले झरोके हे एक. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या मध्याआधीपर्यंत सूर्य उत्तरेकडे कलतो तेव्हाही तो खूप उंच असतो, त्यामुळे बेताच्या लांबीचा छज्जा त्याला अडवतो. पूर्व-पश्चिमेचा सूर्य खाली असतो, तो छज्ज्याला जुमानत नाही. तिथे उभ्या पट्ट्या, जाळ्या किंवा खोल व्हरांडा हवा. पश्चिमेला भिंतभर काच लावून आतून पडदे ओढायचे आणि भर दिवसा ट्यूबलाइट लावायच्या, असं बांधकाम सरकारी असो वा खासगी, मला तरी ते आधुनिक म्हणवत नाही. ते फक्त नवीन असतं.

आता ओल. कागद हवेतली ओल शोषतो आणि सोडतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आमंत्रण. गोव्याच्या पावसाळ्यात ती ८०-९० टक्क्यांच्या घरात असते. शिवाय कसर आणि वाळवी आहेतच. १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणाच्या, म्हणजे आपल्या भाषेतल्या अगदी सुरुवातीच्या छापील ग्रंथांपैकी एकाच्या, पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. त्यामागे राजकारणही आहे, सगळा दोष हवेवर टाकता येणार नाही. पण ही हवा कागदाची मित्र नाही एवढं नक्की.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे एअर कंडिशनर, आणि तोच अर्धवट वापरला तर सगळ्यात वाईट. दिवसा एसी, संध्याकाळी कुलूप लावताना बंद. रात्री बाहेरची दमट हवा फटींतून आत शिरते, गार झालेल्या भिंतींवर आणि पुस्तकांच्या पाठींवर तिचं पाणी होतं. सकाळी पुन्हा एसी. रोज ओलं, रोज सुकं. कागदाला सतत थोडी जास्त ओल एक वेळ परवडते, पण ही रोजची चढउतार नाही. दुर्मीळ पुस्तकांचं दालन लहान ठेवून तिथे चोवीस तास यंत्रणा चालवावी आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी समोरासमोरच्या खिडक्या, पंखे आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवलेली कपाटं यांवर भर द्यावा, हे खर्चालाही परवडतं. वर्तमानपत्रांच्या टेबलाला तर एसी लागतच नाही. सकाळी गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत चाळायला येणाऱ्या ज्येष्ठांना वारा आणि गप्पांना आडोसा पुरतो. विपुरीतही वर्तमानपत्रांची खोली वेगळी, आणि मुलांच्या विभागाला बागेच्या बाजूने स्वतःचं दार आहे, म्हणजे मुलांच्या गोंगाटाने कुणाच्या कपाळावर आठी नको. स्पर्धा परीक्षेची स्वतःची पुस्तकं घेऊन दिवसभर बसणारी मुलं हा आपल्याकडचा नवा वाचकवर्ग. त्यांना जागा, उजेड आणि चार्जिंगचं सॉकेट हवं असतं, कपाटं नव्हेत. त्यांच्यासाठी साधा, हलक्या भाराचा मजला पुरेल.

राहिलं छप्पर, आणि इथे आधुनिकतावाद्यांचं खरोखर चुकलं असं मला वाटतं. ल कॉर्बुझिएच्या प्रसिद्ध पाच सूत्रांमध्ये सपाट गच्चीवर बाग करण्याचं एक सूत्र आहे. गोव्यात गच्चीवर बागेऐवजी निळा नाहीतर लाल पत्रा आला. कुठल्याही उंच जागेवरून म्हापसा किंवा मडगाव पाहा, सपाट स्लॅबवर लोखंडी सांगाडे उभारून पत्रे टाकलेले दिसतील. वास्तुकाराला ते कुरूप वाटतं. घरमालकाला जुलैत कोरडं झोपायचं असतं.

काँक्रीट गळतं त्यामागची प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. स्लॅबच्या आत लोखंडी सळ्या असतात. काँक्रीट जोवर भक्कम आणि बिनभेगांचं आहे तोवर सळ्या सुरक्षित. बारीक भेगेतून पाणी आणि किनाऱ्यावरच्या हवेतला क्षार आत गेला की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून काँक्रीट ढकलतो, खालच्या खपल्या पडतात, सळी उघडी पडते आणि गंजण्याचा वेग वाढतो. वरून प्लास्टर आणि रंग मारला तर दोन पावसाळे दिसत नाही, इतकंच.

कांपालच्या कला अकादमीचं उदाहरण गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची पणजीतली ही इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली, आणि आधुनिक इमारत गोव्याची कशी होऊ शकते याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. बुटकी, झाडांच्या खाली राहणारी. रस्त्यावरून आत शिरलं की दाराशी न अडता थेट मांडवीच्या काठापर्यंत चालत जाता येतं, कुणी ‘कुठे चाललात’ म्हणून विचारत नाही. दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात मराठी नाट्यस्पर्धा पाहत मोठी झालेली माणसं गावोगाव आहेत, आणि भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षकही. सार्वजनिक वाचनालयाने ही मोकळी वाट कोरियांकडून जरूर उचलावी. पण याच संकुलाचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. विपुरीची कथाही वेगळी नाही. युद्धात शहर सोव्हिएत संघाकडे गेलं, इमारत दहाएक वर्षं बेवारस पडली, मग दुरुस्ती झाली. नीट जीर्णोद्धार १९९४ मध्ये सुरू झाला तो २०१३ पर्यंत चालला. बांधायला लागला त्याहून कितीतरी जास्त वेळ.

कौलारू घराला दर मे महिन्यात शाकारणी लागते हे आपल्या आजोबांना ठाऊक होतं. फुटके नळे बदलायचे, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, वाशांना वाळवी लागली का बघायचं. कॅलेंडरात त्याची जागाच होती. स्लॅब आला आणि ‘आता काही करावं लागत नाही’ म्हणून ती तारीखच पुसली गेली. खरं तर स्लॅबलाही शाकारणी लागते, फक्त ती वेगळी असते: गच्चीवरची पाण्याची तोंडं साफ करणं, उतार अजून त्याच दिशेने आहे ना ते बादलीभर पाणी ओतून पाहणं, भेगा भरणं, झरोक्यांच्या कडेचं सील तपासणं, छताखाली ओलीचा डाग दिसला तर तो रंगवण्याआधी वर जाऊन पाहणं. वाचनालयात त्यात आणखी एक काम: सर्वांत वरच्या मजल्यावरची, छताच्या सांध्याखाली येणारी कपाटं जूनपूर्वी हलवून ठेवणं. या कामाला ना मोठा निधी लागतो ना वास्तुकार. लागतो तो एक माणूस, एक शिडी आणि मे महिन्याचा पहिला पंधरवडा.